आत्मसंरक्षणार्थ काडतुसाची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात व्याख्यान द्यावयाचे ते शिक्षणफंडावर, विवाहातील खर्चावर अथवा एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रावर, असा आपल्याकडील प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी मला पिस्तुलाच्या काडतुसावर बोलावयास सांगितले, तेव्हा ते विनोद करीत आहेत अशीच माझी प्रथम समजूत झाली. परंतु त्यांनी दिलेले कारण विचार करण्याजोगे होते. आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींचा सराफीचा व्यवसाय आहे. काहींची वस्ती गावापासून दूर मळ्यात आहे. काही गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. यांपैकी कित्येकांच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल आहे, आणि त्यांच्याकडून चिटणीसांना वारंवार एकच प्रश्न येतो : ‘शस्त्र आहे; पण त्यात गोळी कोणती ठेवावी?’ माझ्या नोकरीचा बराच काळ दारूगोळ्याच्या तपासणीत गेला, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. शस्त्र बाळगावे की बाळगू नये, हा आजचा विषय नव्हे. माझे स्वतःचे मत विचाराल तर दाराला आतून भक्कम अडसर, अंगणात रात्रभर जळणारा दिवा आणि एक भुंकणारे कुत्रे, या तीन गोष्टींनी जेवढे घर राखले जाते तेवढे पिस्तुलाने राखले जात नाही. परंतु ज्यांच्याकडे ते आहेच, त्यांनी त्यात काय भरावे हे अज्ञानावर सोडून देणे सर्वांत धोक्याचे. हल्ली दूरध्वनीच्या पडद्यावर परदेशी मंडळी अमुक गोळी माणसाला जागच्या जागी लोळवते, तमुक गोळी निकामी, अशी प्रवचने झोडीत असतात. आपले तरुण ती पाहतात आणि परवानाधारक काकांना सल्ला देतात. तो सल्ला आपल्या घरातील शस्त्राला लागू पडतो काय, एवढेच मला पाहावयाचे आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. आपण सैलपणे ‘गोळी’ म्हणतो ती वस्तू चार भागांची असते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपीची ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. पुंगळी मागे राहते. पुढे जाते ती केवळ गोळी. गोळीचे वजन परदेशी पद्धतीने ग्रेनमध्ये सांगतात. सराफबंधूंसाठी सांगतो, एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी सामान्यतः ९८ ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडीशी जड असते.

बत्तीस बोअर म्हणजे नळीचा व्यास एका इंचाचे शंभर भाग केले असता त्यांतील सुमारे बत्तीस. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच बोअर आढळतो, आणि यामागे कायद्याचा इतिहास आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ साली अमलात आला. त्याखालील नियमांनी ज्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांत सैन्याचे .३८० किंवा .४५५ चे कडेचे काडतूस, अथवा नऊ मिलिमीटरचे किंवा .४५ चे बिनकडेचे लष्करी काडतूस बसू शकते, ती सर्व शस्त्रे सामान्य नागरिकाच्या कक्षेबाहेर ठेवली. हेतू उघड होता. लष्कराचा दारूगोळा चोरीस गेला तरी तो नागरी शस्त्रांत चालू नये. यामुळे नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि त्याहून लहान .२२ हे बोअर आले. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर .३२ चे, २०१४ साली त्याच कारखान्याने काढलेले हलके ‘निर्भीक’ .३२ चे आणि ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूलही .३२ चेच. परदेशी प्रवचनकार ज्या नऊ मिलिमीटरच्या गोळ्यांची तुलना करीत बसतात, तो वाद आपल्या घरातील कपाटाशी संबंधितच नाही. आपली निवड फार लहान मैदानात आहे. परंतु ते मैदान लहान आहे म्हणून त्यात चुका होत नाहीत असे मात्र नव्हे.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक ही की, ‘बत्तीस’ या एकाच नावाखाली निराळी काडतुसे आहेत हेच अनेकांस ठाऊक नसते. एक आहे रिव्हॉल्व्हरचे, ‘बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग’. ते १८९६ पासूनचे. त्याची पुंगळी लांब, बुडाला रुंद कड. त्या कडेमुळेच ते चक्राच्या घरात अडकून राहते. दुसरे आहे पिस्तुलाचे, अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग याने १८९९ च्या सुमारास सिद्ध केलेले, ‘बत्तीस ए. सी. पी.’. ते आखूड, त्याची कड नावापुरती, गोळी हलकी म्हणजे ७१ ग्रेनची, परंतु वेग अधिक आणि पुंगळीत निर्माण होणारा दाबही अधिक. रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसतच नाही, त्यामुळे तेथे चूक होऊ शकत नाही. उलट प्रकार मात्र घातक आहे. पिस्तुलाचे आखूड काडतूस कित्येक रिव्हॉल्व्हरांच्या घरात व्यवस्थित शिरते, त्या अरुंद कडेवर कसेबसे टिकते आणि उडतेही. जुने, मधोमध मोडून उघडणारे रिव्हॉल्व्हर ज्या दाबासाठी घडविलेले असते त्याहून अधिक दाब त्यावर पडतो. एक-दोनदा काही होत नाही, म्हणून मालकाचा धीर चेपतो. आणि मग एके दिवशी बिजागरी सैल होते किंवा चक्राला चीर जाते. हे हत्यार आपल्या चेहऱ्यापासून दीड हातावर असते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून काडतूस विकत घेताना ‘बत्तीसचे द्या’ एवढेच म्हणून थांबू नये. आपल्या शस्त्राच्या नळीवर जे अक्षरशः कोरलेले आहे ते वाचावे, आणि काडतुसाच्या बुडावर जे ठोकलेले आहे ते वाचावे. खडकीच्या कारखान्यातील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ साली सरकारी शस्त्रकारखान्यांची सात महामंडळे झाली, त्यांतील दारूगोळ्याच्या महामंडळाचे मुख्य ठाणेही पुण्यातच आहे. अशा रीतीने आपल्याच प्रांतात बनलेल्या वस्तूवरील दोन अक्षरे वाचण्याची तसदी आपण घेत नाही, याचे मला नवल वाटते.

आता गोळीच्या आकाराकडे वळू. तरुणांचा सारा उत्साह याच विषयी असतो. गोळी भरीव आणि गोल टोकाची असावी, की टोकाला पोकळ असावी? पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलासारखी उमलते, रुंद होते आणि म्हणून अधिक इजा करते, असे सांगतात. पसरणाऱ्या गोळीचा एक गाजलेला प्रकार आपल्याच देशात जन्मास आला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रज सैनिकांची तक्रार आली की, नवीन .३०३ रायफलीची पूर्ण कवच चढविलेली गोळी शत्रूच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते आणि शत्रू धावतच राहतो. तेव्हा कलकत्त्याजवळील डमडमच्या दारूगोळा कारखान्याचे अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी त्या गोळीच्या टोकावरील कवच काढून आतील शिसे उघडे ठेवले. मऊ शिसे आघाताने पसरे. ‘डमडम’ हे गावाचे नाव साऱ्या जगात त्या गोळीचे नाव झाले. पुढे १८९९ साली हेगच्या परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या अथवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा निघाला. सैन्यांच्या गोळ्या आजही पूर्ण कवचाच्या असतात त्या यामुळे. तो निर्बंध राष्ट्रांमधील युद्धापुरता होता. त्यामुळे पुढील काळात अनेक देशांच्या पोलिसांनी पसरणाऱ्या गोळ्याच पसंत केल्या, आणि त्यामागील त्यांचे कारण क्रौर्याचे नव्हे. गर्दीच्या रस्त्यावर गुन्हेगाराच्या अंगातून आरपार जाणारी गोळी मागच्या निरपराध माणसाला लागते. पसरणारी गोळी बहुधा आतच थांबते. एकाच वस्तूला रणांगणावर मज्जाव आणि रस्त्यावर पसंती, हा विरोधाभास वरवरचा आहे.

मग आपणही पोकळ टोकाची गोळी शोधावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण वेगात आहे. गोळी पसरावी यासाठी तिच्या पोकळ टोकात ओला मांसल भाग जोराने घुसून तिला आतून फाडावे लागते. नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने जाते. तिच्यात तेवढा जोर असतो. आपल्या रिव्हॉल्व्हरची सव्वासहा ग्रॅमची गोळी सेकंदाला जेमतेम २०० ते २२५ मीटर जाते. तिच्या टोकाची पोकळी पुष्कळदा कपड्याच्या चिंध्यांनीच बुजते आणि ती पसरतच नाही. आणि दैवयोगाने पसरलीच, तर तिची अपुरी शक्ती पसरण्यातच खर्च होऊन ती उथळ जागी थांबते. एकीकडे कुचकामी आणि दुसरीकडे अपुरी, असा हा सौदा आहे. लहान काडतुसात खोली राखावी, रुंदीच्या मागे लागू नये.

ही खोली का महत्त्वाची, हे अमेरिकेला फार मोठ्या किमतीने कळले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे तेथील केंद्रीय अन्वेषण खात्याच्या अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी भर रस्त्यावर चकमक झाली. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. दरोडेखोरांपैकी एकाला चकमकीच्या आरंभीच नऊ मिलिमीटरची पसरणारी गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम प्राणांतिक होती. परंतु तो माणूस त्यानंतरही लढत राहिला, आणि अधिकाऱ्यांची बहुतेक हानी त्यानंतरच झाली. त्या खात्याने पुढे शास्त्रज्ञ आणि शल्यवैद्य यांना एकत्र बसवून जी कसोटी ठरविली ती अशी की, शरीरासारख्या घनतेच्या जेलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये. ठोकळ्यापुढे कधी जाड कापड, कधी लाकडी फळी, कधी मोटारीची काच ठेवून ती कसोटी घेतात. माणसाची छाती बारा इंच जाड नसते, मग बारा इंच कशाला, असे कोणी विचारील. समोरचा माणूस क्वचितच छाती पुढे काढून उभा राहतो. तो आडवा असतो, हात पुढे केलेला असतो, आणि गोळीला आधी दंड ओलांडावा लागतो. आपल्याकडील भरीव, गोल टोकाची बत्तीसची गोळी या खोलीच्या कसोटीस साधारणतः उतरते. तिच्याकडून अधिक काही मागू नये.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. चित्रपटात गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो. हे पदार्थविज्ञानाच्या विरुद्ध आहे. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो आणि चांगला गोलंदाज तो ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने सहज टाकतो. वजन आणि वेग यांचा गुणाकार करून पाहावा. चेंडूचा धक्का आपल्या बत्तीसच्या गोळीच्या साडेतीन पट भरतो. नऊ मिलिमीटरच्या गोळीपेक्षाही तो अधिकच आहे. चेंडू लागून फलंदाज उडून पडत नाही, मग गोळीने माणूस कसा पडेल? गोळीने माणूस तत्काळ थांबतो तो मेंदू अथवा मज्जारज्जू यांना इजा झाली तरच. अन्यथा रक्तस्रावाने शक्ती जाईपर्यंत वेळ जातो. हृदय बंद पडले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, आणि तेवढ्यात दहा पावलांवरील मनुष्य आपल्यापर्यंत पोहोचतो. पुष्कळदा माणूस केवळ बार ऐकून किंवा जखम पाहून भीतीने थांबतो. परंतु ती त्याच्या मनाची गोष्ट झाली. काडतुसाच्या डबीवर तिची हमी छापता येत नाही.

‘मग मोठा बोअरच का नको?’ हा प्रश्न जुनाच आहे. फिलिपीन्समध्ये मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैन्याला आपले .३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृत मानवी देहांवर प्रयोग करून .४५ पेक्षा लहान गोळी नको असा निर्णय दिला, आणि १९११ साली .४५ चे पिस्तूल आले. (ते प्रयोग ज्या रीतीने झाले त्या रीतीला आजचा शास्त्रज्ञ प्रयोग म्हणणार नाही, हे जाता जाता सांगतो.) मायामीनंतर त्यांनी दहा मिलिमीटर घेतले, मग .४०, आणि जवळजवळ तीस वर्षांनी ते पुन्हा नऊ मिलिमीटरवर आले. कारण गोळ्या सुधारल्या होत्या, आणि सौम्य धक्क्याच्या शस्त्राने माणसे अधिक अचूक नेम धरतात हे दिसून आले होते. शेवटचे हे कारण आपणांस लागू आहे. जड रिव्हॉल्व्हरमधून बत्तीसचा धक्का सौम्य असतो. साठीतील गृहस्थाला अथवा गृहिणीलाही थोड्या सरावाने ते पेलते.

आता मी ज्या विषयावर अधिक वेळ घेणार आहे तो रूक्ष आहे, परंतु माझ्या अनुभवात घरोघर खरा धोका येथेच आढळतो. तो म्हणजे जुनी काडतुसे.

एका ज्ञातिबंधूंच्या घरी वडिलांच्या वेळचे रिव्हॉल्व्हर होते. मुलाने रीतसर आपल्या नावे परवाना करून घेतला होता. काडतुसे मात्र वडिलांचीच, कातडी पट्ट्याच्या खणांत ओळीने खोवलेली, बाहेरून हिरवट झालेली. ‘इतकी वर्षे देवघराशेजारच्या कपाटात आहेत, कोणी हात लावलेला नाही,’ असे त्यांनी मला अभिमानाने सांगितले. मी ती परवानाधारक विक्रेत्याच्या मार्फत चाचणीस नेण्यास सांगितले आणि बरोबर गेलो. सहांपैकी दोन उडालीच नाहीत. एकाचा आवाज फटाक्याच्या लवंगीसारखा आला आणि निशाणाच्या कागदावर भोक पडले नाही. चाचणी घेणारा मनुष्य जाणता होता. त्याने लगेच हात वर करून सर्वांना थांबविले, शस्त्र रिकामे केले आणि नळीतून सळई घालून पाहिली. गोळी नळीतच अडकून बसली होती. त्याने पुन्हा चाप ओढला असता तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगली किंवा फाटली असती. रात्री दोन वाजता, अंधारात, भेदरलेल्या माणसाला हा बारीक आवाजाचा फरक कळला असता काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळेला खातात; तो हिरवा थर त्याचाच. म्हणून काडतुसे पट्ट्यात ठेवू नयेत, मूळ खोक्यात ठेवावीत. कोकणात राहणाऱ्यांनी घट्ट झाकणाच्या डब्यात, आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह ठेवावीत. शस्त्राला तेल द्यावे, काडतुसाला देऊ नये. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि टोपी मरते. रिव्हॉल्व्हर भरून ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हेच तेल चक्राच्या घरांतून काडतुसाला लागते. तसेच चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर दारूगोळा ठेवू नये. उष्णतेने दारू हळूहळू बिघडते. ज्यांना सोपी रीत हवी त्यांनी दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजन करताना काडतुसांच्या खोक्यावर खरेदीची तारीख आहे ना, आणि पुंगळीवर हिरवळ, चीर अथवा सैल गोळी नाही ना, हे पाहावे. आणि काही वर्षांनी जुनी काडतुसे निशाणबाजीच्या मैदानावर सरावात वापरून नवी आणावीत. परवान्यावर जी संख्या नमूद आहे तिच्या आतच हा सारा हिशेब बसवावा लागतो; म्हणून सराव आणि साठा यांची विभागणी आधीच ठरवावी.

काडतूस उडाले नाही तर काय करावे, हेही सांगतो. सरावाच्या वेळी नळी निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे. कधी टोपीची ठिणगी उशिरा लागते. लगेच उघडून डोकावून पाहणे हा वेडेपणा आहे.

पिस्तूलवाल्यांसाठी एक निराळी सूचना आहे. बत्तीस ए. सी. पी. च्या पुंगळीला अर्धवट कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल मध्येच बंद पडते. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत मागेपुढे सरकण्यास जागा अधिक असल्याने हा दोष वाढतो. भरीव गोळीच्या बाजूने हे आणखी एक कारण. नवीन खोक्यातील काही काडतुसे मैदानावर स्वतःच्या पिस्तुलातून उडवून, ते न अडता चालते अशी खात्री झाल्याविना त्या खोक्यावर भरवसा ठेवू नये.

बंधुभगिनींनो, गोळीचा प्रवास समोरच्या माणसापाशी संपतो असे आपण मानतो. पूर्वीच्या वाड्यांना दीड-दोन हात जाडीच्या मातीदगडाच्या भिंती होत्या. आज आपल्या कित्येक कुटुंबांचे राहणे सदनिकांत आहे, कित्येकांचे अजून चाळीत आहे. लाकडी फळ्यांचा आडोसा, प्लायवूडचे दार, यांतून बत्तीसची शिशाची गोळीही सहज पलीकडे जाते, आणि पलीकडे कोणाचे तरी मूल निजलेले असते. पक्क्या भिंतीवर तिरपी लागली तर ती भिंतीला घासत पुढे जाते. पसरणाऱ्या गोळीने हा धोका थोडा घटेल, असे कोणी सुचवील. परंतु घाबरलेल्या माणसाच्या बहुतेक गोळ्या समोरच्याला लागतच नाहीत, आणि न लागलेली गोळी कोणत्याही टोकाची असली तरी भिंतीकडेच जाते. म्हणून गोळीची निवड करण्याआधी आपण घरात कोठे उभे राहणार आणि त्या दिशेला मागे काय आहे, हे दिवसाउजेडी, शस्त्र कपाटात ठेवून, पाहून घ्यावे. जिच्या मागे विटांची पक्की भिंत आहे अशी एखादी दिशा बहुतेक घरांत सापडते. जेथे सापडत नाही तेथे मी तरी शस्त्र न उचलता दार लावून पोलिसांना बोलावीन.

कायद्याचे थोडक्यात. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि सरकारी मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्कच नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी हा गंभीर प्रसंग मानला आहे, परंतु तेथेही वरील मर्यादा सुटत नाहीत. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी आत्मसंरक्षणाची ठरणे फार कठीण. आणि आपल्या लग्नांच्या वरातीत हवेत बार काढण्याची जी हौस काही ठिकाणी अजून शिल्लक आहे, तिच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठेवले आहेत. हवेत गेलेली गोळी खाली येते, एवढे शालेय गणित वरपक्षाला असावे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली.

व्याख्यानापूर्वी माझ्याकडे काही चिठ्ठ्या आल्या. एका भगिनीने लिहिले आहे की, यजमान दोन वर्षांपूर्वी निवर्तले, त्यांचे रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले आहे, परंतु पंचवीस काडतुसांचा एक डबा परवा धान्याच्या कोठीमागे सापडला. तो विहिरीत टाकावा काय? ताई, विहिरीत टाकू नये, पुरू नये, कोणा नातलगाच्या हाती देऊ नये. शस्त्र अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्राप्रमाणेच काडतुसेही पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असतात. आधी ठाण्याला दूरध्वनीने किंवा लेखी कळवावे, पतींच्या परवान्याची प्रत आणि शस्त्र जमा केल्याची पावती बरोबर घ्यावी, डबा न उघडता द्यावा, आणि काडतुसांच्या संख्येसह पोच घ्यावी. पुढे चिरंजीवांना परवाना मिळाला तरी हीच काडतुसे परत मागू नयेत, नवीन घ्यावीत. बरोबर कोणी यावे असे वाटत असल्यास चिटणीसांकडे निरोप ठेवावा, मी येईन.